‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ : एका न्यायालयीन रहस्यनाट्याचा रंगमंचीय आणि कायदेविषयक इतिहास

प्रास्ताविक

रहस्यनाट्याची गणना सर्वसाधारणपणे करमणूकप्रधान नाटकांत केली जाते. खुनी कोण, या प्रश्नाचे उत्तर मिळाले की अशा नाटकाचे प्रयोजन संपते, असा समज त्यामागे असतो. त्यामुळे नाट्येतिहासाच्या ग्रंथांत या प्रकाराला फारशी जागा मिळत नाही आणि सामाजिक वा कायदेविषयक इतिहासाचे साधन म्हणून तर त्याचा विचार क्वचितच होतो. तथापि एखादे नाटक सात दशके पुनःपुन्हा रंगमंचावर येत असेल, तर त्याचे टिकून राहणे केवळ उत्कंठेच्या आधारावर शक्य नसते, कारण उत्कंठा पहिल्या प्रयोगातच खर्ची पडते.

अगाथा ख्रिस्ती यांचे ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ हे नाटक या दृष्टीने अभ्यासनीय आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम या शहरातील थिएटर रॉयलमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यानंतर बरोबर एक महिन्याने ते लंडनला गेले. न्यायालयीन खूनखटल्यावर आधारलेल्या नाटकांत ते आज अभिजात मानले जाते आणि इंग्लंड-अमेरिकेतील प्रादेशिक व हौशी नाट्यसंस्था ते आवर्जून सादर करतात. प्रस्तुत लेखात या नाटकाची घडण, १९५३ च्या इंग्लंडशी असलेला त्याचा संबंध, त्याच्या कथानकाला आधार देणारे कायद्याचे नियम आणि प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या दृष्टीने त्याचे अर्थकारण यांचा परामर्श घेतला आहे. निर्दोष माणूस फासावर चढेल काय, या तत्कालीन समाजाच्या भीतीला हे नाटक उलट्या बाजूने हात घालते आणि न्यायालयाचा निर्णय व सत्य यांतील अंतर दाखवून देते, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. विवेचनाच्या ओघात नाटकाचा शेवट उघड करणे अपरिहार्य आहे.

कथेपासून नाटकापर्यंत

या नाटकाचे मूळ १९२५ साली एका अमेरिकन साप्ताहिकात वेगळ्या शीर्षकाने प्रसिद्ध झालेल्या लघुकथेत आहे. पुढे १९३३ मध्ये ‘द हाउंड ऑफ डेथ’ या संग्रहात ती इंग्लंडमध्ये ग्रंथरूपाने आली. कथानक थोडक्यात असे : एमिली फ्रेंच या श्रीमंत, वयस्क, अविवाहित स्त्रीचा खून होतो. लिओनार्ड व्होल या देखण्या तरुणाशी तिचा स्नेह जडलेला असतो आणि तिने मृत्युपत्रात आपली मालमत्ता त्याच्या नावे केलेली असते. संशय साहजिकच त्याच्यावर येतो. खुनाच्या वेळी आपण घरी पत्नीजवळ होतो, एवढाच त्याचा बचाव. ती पत्नी, रोमेन, ऐन खटल्यात सरकार पक्षाची साक्षीदार म्हणून उभी राहते आणि पती उशिरा घरी आला, त्याच्या बाह्यांवर रक्त होते व त्याने आपल्यापाशी खुनाची कबुली दिली, असे शपथेवर सांगते. पुढे तिने एका प्रियकराला लिहिलेली पत्रे बचाव पक्षाच्या हाती लागतात, ती खोटारडी ठरते आणि आरोपी निर्दोष सुटतो.

मूळ कथेचा शेवट असा की, ती पत्रे रोमेननेच रचलेली असतात. प्रेमळ पत्नीने पतीच्या बाजूने दिलेल्या साक्षीवर ज्यूरीचा विश्वास बसणार नाही, हे ओळखून ती आधी त्याच्याविरुद्ध साक्ष देते आणि मग स्वतःची साक्ष स्वतःच उद्ध्वस्त करवून घेते. आणि हे सर्व ती पती निर्दोष आहे म्हणून करीत नाही. तो दोषी आहे, हे तिला प्रथमपासून ठाऊक असते. कथा येथे संपते. गुन्हेगार मोकळा राहतो, त्याला वाचविणारी स्त्री खोट्या साक्षीची शिक्षा भोगण्यास तयार असते आणि वकील स्तंभित होऊन पाहत राहतो.

नाट्यनिर्माते पीटर साँडर्स यांनी या कथेचे नाटक करण्याचा आग्रह धरला, तेव्हा ख्रिस्ती प्रथम राजी नव्हत्या. न्यायालयीन कामकाजाचे आपले ज्ञान अपुरे आहे, असे त्यांना वाटत होते. अखेर साँडर्स यांनी स्वतःच एक कच्चा आराखडा लिहून त्यांच्यासमोर ठेवला. तो आराखडा त्यांना पसंत पडला नाही, परंतु नाटक कसे होऊ शकेल याची दिशा त्यातून सापडली. त्यांनी गाजलेल्या खटल्यांचे वृत्तान्त वाचले आणि कायदेतज्ज्ञांचे साहाय्य घेतले. कथेत खटला जवळजवळ पडद्याआड घडतो व सॉलिसिटर हे मध्यवर्ती पात्र असते. नाटकात मात्र बॅरिस्टर सर विल्फ्रिड रोबार्ट्स यांचे कार्यालय आणि ओल्ड बेली येथील न्यायालय ही दोन स्थळे प्रस्थापित होतात. सरतपासणी, उलटतपासणी, न्यायाधीशांचे ज्यूरीला उद्देशून भाषण हा न्यायालयाचा क्रमच नाटकाची रचना बनतो.

सर्वांत महत्त्वाचा बदल शेवटात झाला. नाटकात निर्दोष सुटलेला व्होल आपल्या पत्नीला झिडकारून दुसऱ्या तरुणीबरोबर निघून जाऊ पाहतो आणि रोमेन न्यायालयातच, मुद्देमालाच्या टेबलावरील सुरीने त्याचा वध करते. हा शेवट ठेवू नये, असे ख्रिस्ती यांना अनेकांनी सुचविले होते. सहसा निर्मात्याच्या सूचनांना मान देणाऱ्या या लेखिकेने येथे मात्र माघार घेतली नाही, हे त्यांच्या आत्मचरित्रावरून कळते. हा आग्रह का, याचा विचार पुढे केला आहे.

नॉटिंगहॅम ते लंडन : प्रादेशिक रंगमंदिराचे स्थान

लंडनच्या वेस्ट एंडमध्ये नाटक नेण्यापूर्वी ते राजधानीबाहेरील शहरांत काही आठवडे करून पाहण्याची ब्रिटिश व्यावसायिक रंगभूमीची रीत होती. प्रेक्षक कोठे हसतो, कोठे अस्वस्थ होतो, कोणता प्रवेश लांबतो याचा अंदाज घेऊन संहिता व प्रयोग यांत दुरुस्त्या केल्या जात. १८६५ मध्ये उघडलेले नॉटिंगहॅमचे थिएटर रॉयल हे अशा पूर्वप्रयोगांचे एक प्रमुख केंद्र होते. ख्रिस्ती-साँडर्स जोडीच्या बाबतीत तर त्याचे महत्त्व विशेष आहे. ‘द माउसट्रॅप’चा पहिला प्रयोग ६ ऑक्टोबर १९५२ रोजी येथेच झाला आणि १९५४ मध्ये ‘स्पायडर्स वेब’ही येथूनच निघाले. म्हणजे लागोपाठ तीन वर्षांत लंडन गाजविणाऱ्या तीन नाटकांची पहिली परीक्षा एका प्रादेशिक शहराच्या प्रेक्षकाने घेतली.

२८ ऑक्टोबर १९५३ रोजी लंडनच्या विंटर गार्डन थिएटरमध्ये नाटक सुरू झाले. दिग्दर्शन वॉलेस डग्लस यांचे होते. डेव्हिड हॉर्न यांनी सर विल्फ्रिडची, डेरेक ब्लूमफील्ड यांनी व्होलची आणि पॅट्रिशिया जेसल यांनी रोमेनची भूमिका केली. विंटर गार्डन हे आकाराने मोठे रंगमंदिर होते. दिवाणखान्यात घडणाऱ्या रहस्यनाट्याला ते मानवले नसते. परंतु न्यायाधीशांचे उच्चासन, आरोपीचा पिंजरा, वकिलांच्या रांगा आणि प्रेक्षकसज्जा असलेले ओल्ड बेलीचे नेपथ्य तेथे शोभून दिसले. लंडनमध्ये या नाटकाचे ४६८ प्रयोग झाले. १६ डिसेंबर १९५४ रोजी ते न्यूयॉर्कला गेले व तेथे ६४५ प्रयोगांपर्यंत चालले. न्यूयॉर्कच्या नाट्यसमीक्षक मंडळाने सर्वोत्कृष्ट परदेशी नाटकाचा १९५५ चा पुरस्कार त्याला दिला. १९५७ मध्ये बिली वाइल्डर यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटामुळे ते जगभर पोहोचले.

१९५३ चे इंग्लंड : फाशी आणि साक्षीदार

नॉटिंगहॅमच्या प्रेक्षकासमोर हे नाटक ज्या वर्षी आले, ते वर्ष ब्रिटिश फौजदारी न्यायाच्या इतिहासात अत्यंत अस्वस्थतेचे होते. २८ जानेवारी १९५३ रोजी डेरेक बेंटली या एकोणीस वर्षांच्या तरुणाला फाशी देण्यात आली. ज्या पोलिसाच्या खुनाबद्दल ही शिक्षा झाली, त्याच्यावर गोळी बेंटलीने झाडली नव्हती. ती झाडणारा त्याचा साथीदार सोळा वर्षांचा असल्याने फाशीतून वाचला होता आणि गोळी लागली तेव्हा बेंटली पोलिसांच्या ताब्यात होता. त्याची दोषसिद्धी पुढे १९९८ मध्ये अपील न्यायालयाने रद्द केली.

त्याच वर्षी मार्चमध्ये लंडनमधील १०, रिलिंग्टन प्लेस या घरात अनेक स्त्रियांचे मृतदेह सापडले. तेथे राहणाऱ्या जॉन रेजिनाल्ड ख्रिस्ती याच्यावर खटला होऊन १५ जुलै १९५३ रोजी त्याला फाशी झाली. लेखिकेच्या आडनावाशी असलेले साम्य हा निव्वळ योगायोग. परंतु या प्रकरणाने एक भयंकर शंका उभी केली. त्याच घरात राहणाऱ्या टिमोथी इव्हान्स याला स्वतःच्या तान्ह्या मुलीच्या खुनाबद्दल ९ मार्च १९५० रोजी फाशी देण्यात आली होती आणि त्या खटल्यात सरकार पक्षाचा प्रमुख साक्षीदार हाच जॉन ख्रिस्ती होता. न्यायालयाने साक्षीदारावर विश्वास ठेवला आणि आरोपीला फासावर पाठविले. १९५३ च्या जुलैमध्ये झालेल्या घाईच्या चौकशीत इव्हान्सच दोषी असल्याचा निर्वाळा दिला गेला, पण लोकांचे समाधान झाले नाही. १९६६ मध्ये इव्हान्सला मरणोत्तर माफी देण्यात आली. फाशीच्या शिक्षेविषयी १९४९ मध्ये नेमलेल्या, सर अर्नेस्ट गोवर्स यांच्या अध्यक्षतेखालील शाही आयोगाचा अहवालही सप्टेंबर १९५३ मध्येच प्रसिद्ध झाला.

‘सरकार पक्षाचा साक्षीदार’ अशा अर्थाचे शीर्षक असलेले नाटक त्याच महिन्यात रंगमंचावर यावे, यात नाटककर्त्रीचा हेतू शोधण्याचे कारण नाही. मूळ कथा २८ वर्षांपूर्वीची होती. तथापि प्रेक्षक रंगमंदिरात येताना रोजचे वर्तमानपत्र वाचून येतो. १९५३ च्या प्रेक्षकाने आरोपीच्या पिंजऱ्यातील गोंधळलेल्या, भाबड्या वाटणाऱ्या व्होलकडे पाहिले, तेव्हा त्याच्या मनात इव्हान्स व बेंटली असणे स्वाभाविक होते. या तरुणाला फुकट फाशी होईल, या भीतीवरच नाटकाचे पहिले अंक चालतात. निर्दोष सुटकेचा निकाल ऐकून प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो आणि लगेच पुढच्या काही मिनिटांत त्याला कळते की, ज्याच्यासाठी आपण हळहळलो तो खुनी होता.

येथे नाटकाने केलेली उलथापालथ ध्यानात घेण्यासारखी आहे. इव्हान्स खटल्यात न्यायालयाने साक्षीदारावर विश्वास ठेवून चूक केली, असे दिसत होते. नाटकात न्यायालय साक्षीदारावर अविश्वास दाखवून चूक करते. दोन्ही ठिकाणी कार्यपद्धती निर्दोष आहे. न्यायाधीश पक्षपाती नाहीत, वकील कर्तव्यदक्ष आहेत, ज्यूरी प्रामाणिक आहे. चूक होते ती साक्ष नावाच्या पुराव्याच्या स्वरूपामुळे. माणसाच्या शब्दाची पारख त्याच्या चारित्र्यावरून करायची, या गृहीतकालाच नाटकात सुरुंग लागतो.

कथानकाचे कायदेशीर आधार

हे कथानक कायद्याच्या तीन नियमांवर उभे आहे. त्यांतील प्रत्येकाला स्वतःचा इतिहास आहे आणि इंग्लंडमध्ये आज त्यांपैकी एकही पूर्वीच्या स्वरूपात शिल्लक नाही.

पहिला नियम पत्नीच्या साक्षीचा. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार पती-पत्नी एकमेकांच्या खटल्यात साक्षीदार होऊ शकत नसत. १८९८ च्या फौजदारी पुरावा कायद्याने आरोपीला स्वतः शपथेवर साक्ष देण्याची आणि त्याच्या पत्नीला बचाव पक्षातर्फे साक्ष देण्याची मुभा दिली. काही ठरावीक गुन्हे वगळता सरकार पक्षातर्फे साक्ष देण्यास पत्नी, तिची इच्छा असली तरी, अपात्रच राहिली. म्हणूनच रोमेनचा पहिला विवाह अस्तित्वात आहे, सबब व्होलशी झालेला तिचा विवाह कायदेशीर नाही, हा तपशील नाटकात येतो. तो नसता तर शीर्षकातील साक्षच संभवली नसती. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने पत्नीला सरकार पक्षाची साक्षीदार होण्यास पात्र ठरविले. त्यानंतरच्या काळात घडणाऱ्या कथेत रोमेनला पहिल्या नवऱ्याची गरज उरत नाही.

या बाबतीत भारतीय कायद्याशी तुलना उद्बोधक ठरते. भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ च्या कलम १२० ने फौजदारी खटल्यात आरोपीची पत्नी वा पती सक्षम साक्षीदार असल्याचे प्रारंभीच मान्य केले होते. म्हणजे ज्या ब्रिटिश सत्तेने हा कायदा येथे केला, तिच्या स्वतःच्या देशात ते स्वातंत्र्य यायला आणखी ११२ वर्षे लागली. मात्र त्याच अधिनियमाच्या कलम १२२ ने वैवाहिक जीवनात एकमेकांना सांगितलेल्या गोष्टींना संरक्षण दिले. रामभरोसे विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९५४ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने यातील भेद स्पष्ट केला : पतीचे जे वर्तन पत्नीने डोळ्यांनी पाहिले त्याविषयी ती साक्ष देऊ शकते, तो तिला जे बोलला ते सांगता येत नाही. रोमेन ही व्होलची कायदेशीर पत्नी असती आणि खटला भारतात चालला असता, तर बाह्यांवरचे रक्त व घरी येण्याची वेळ पुराव्यात आली असती. कबुलीचे शब्द मात्र वगळले गेले असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ही दोन्ही तत्त्वे कायम आहेत.

दुसरा नियम एकाच गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा खटला न चालविण्याचा. ज्यूरीने निर्दोष ठरविलेल्या आरोपीवर त्याच आरोपासाठी पुन्हा खटला होऊ शकत नाही, हे इंग्लंडच्या कायद्याचे जुने तत्त्व होते. त्यामुळेच निकालानंतर व्होल उद्दामपणे सत्य बोलू शकतो. इंग्लंडमध्ये २००३ च्या फौजदारी न्याय कायद्याने, २००५ पासून, खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांत नवा व सबळ पुरावा पुढे आल्यास पुनर्खटल्याची वाट मोकळी केली. भारतात परिस्थिती आणखी वेगळी आहे. येथे निर्दोष सुटकेविरुद्ध राज्याला उच्च न्यायालयात अपील करता येते. शिवाय ज्यूरीचा शब्दही येथे अंतिम नव्हता. मुंबईतील नानावटी खटल्यात १९५९ मध्ये ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने आरोपीला निर्दोष ठरविले, तेव्हा सत्र न्यायाधीशांनी तो निर्णय न स्वीकारता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठविले. तेथे आरोपी दोषी ठरला आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम केली. फौजदारी खटल्यांतील ज्यूरी पद्धतीचे उरलेसुरले अवशेष १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने संपुष्टात आणले. ख्रिस्ती यांचा व्होल भारतीय न्यायालयात सुटला असता, तर त्याला इतक्या लवकर हसता आले नसते.

तिसरा आधार फाशीचा. खुनाला १९५३ मध्ये मृत्युदंड ही अनिवार्य शिक्षा होती आणि संपूर्ण नाटकावर त्या दोराची सावली आहे. १९५७ च्या कायद्याने मृत्युदंडाची व्याप्ती घटविली. १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी प्रथम पाच वर्षांसाठी स्थगित झाली आणि १९६९ मध्ये ती ग्रेट ब्रिटनमध्ये कायमची संपली. तेथील आजच्या प्रेक्षकाला या नाटकातील भीती इतिहास म्हणूनच समजून घ्यावी लागते. भारतीय प्रेक्षकाचे तसे नाही. आपल्या कायद्यात ही शिक्षा अद्याप आहे.

रोमेनची साक्ष आणि नाटकाचा शेवट

कायद्याच्या या चौकटीत नाटकाने उभे केलेले सर्वांत विलक्षण पात्र रोमेनचे आहे. ती जर्मन आहे. दुसरे महायुद्ध संपून आठच वर्षे झाली असताना लंडनच्या न्यायालयात एका जर्मन स्त्रीचा शब्द किती वजनाचा, हे प्रेक्षकाला सांगावे लागत नव्हते. वकिलांच्या कार्यालयात ती भावनाशून्य वाटते. पतीसाठी ती रडत नाही, विनवण्या करीत नाही. ‘पत्नी’ या भूमिकेकडून समाजाच्या ज्या अपेक्षा असतात, त्यांपैकी एकही ती पूर्ण करीत नाही. ती परकी आहे, अभिनेत्री आहे, आधीच विवाहित आहे आणि पुढे व्यभिचारिणीही ठरते. यांपैकी कोणत्याही गोष्टीचा साडेनऊच्या सुमारास झालेल्या खुनाशी संबंध नाही. तरीही ज्यूरी त्यांवरूनच तिच्या शब्दाची किंमत ठरविते.

रोमेनचे सामर्थ्य यात आहे की, हा पूर्वग्रह ती आधीच ओळखते आणि हत्यारासारखा वापरते. आपण खरे बोललो तरी खोटे ठरू, याची तिला खात्री असल्यामुळेच ती खरे बोलते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तिने सांगितलेली मुख्य हकीकत सत्य असते. बनावट असतात ती तिला खोटे पाडणारी पत्रे. न्यायालय बनावटीवर विश्वास ठेवते व सत्य नाकारते. सर विल्फ्रिड यांची उलटतपासणी तांत्रिकदृष्ट्या उत्कृष्ट आहे. पण तिच्यातून सत्य बाहेर येण्याऐवजी गाडले जाते. वकिली कौशल्यावरील याहून तीव्र भाष्य लोकप्रिय रंगभूमीवर विरळाच सापडेल.

शेवटाचा प्रश्न येथे पुन्हा उपस्थित होतो. सुरीचा तो प्रवेश अतिनाट्यमय आहे, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्याशिवाय नाटक कोठे थांबले असते, हेही पाहिले पाहिजे. १९२५ ची कथा एका उपरोधावर थांबते. वाचक एकटा असतो आणि तो उपरोध त्याला पुरतो. रंगमंदिरात मात्र शेकडो माणसे ज्यूरीच्या जागी बसलेली असतात आणि त्यांनीही मनोमन तोच चुकीचा निकाल दिलेला असतो. खुन्याला मोकळे सोडून पडदा टाकला, तर फसवणुकीची भावना घेऊन प्रेक्षक घरी जातो. रोमेनच्या हातून घडलेल्या वधाने त्याला न्याय झाल्यासारखे वाटते. पण हा न्याय न्यायालयाच्या वास्तूत, न्यायालयाच्याच मुद्देमालाने, कायद्याच्या बाहेर होतो. शिवाय त्या घावासरशी रोमेन स्वतः खुनाची आरोपी होते आणि १९५३ च्या कायद्यानुसार आता तिच्या गळ्यात दोर येणार असतो. दोषी सुटला आणि त्याच्यावर प्रेम करणारी फाशीच्या छायेत गेली. त्यामुळे हा शेवट वरवर समाधानकारक भासला, तरी दोराविषयीची अस्वस्थता तो मिटवीत नाही. ख्रिस्ती यांचा आग्रह नाट्यदृष्ट्या योग्य होता, असे यावरून म्हणता येते. २०१६ मध्ये बीबीसीने केलेल्या मालिकेत कथानक पुन्हा १९२० च्या दशकात नेऊन खुन्याला मोकळे ठेवले गेले. एकाच कथेला प्रत्येक काळ आपापला शेवट निवडतो, हेच त्यातून दिसते.

प्रादेशिक नाट्यसंस्था आणि प्रयोगाचे अर्थकारण

ब्रिटनमधील प्रादेशिक रंगभूमीचा कणा म्हणजे ‘रेपर्टरी’ नाट्यसंस्था. मँचेस्टर येथे १९०८ पासून ॲनी हॉर्निमन यांनी आणि बर्मिंगहॅम येथे १९१३ पासून बॅरी जॅक्सन यांनी ही परंपरा रुजविली. एका शहरात स्थायिक असलेला नटसंच एकामागून एक नाटके करीत असे. अनेक ठिकाणी तर दर आठवड्याला नवे नाटक लागे. रात्री चालू नाटकाचा प्रयोग, दिवसा पुढच्या नाटकाची तालीम, असा हा दिनक्रम असे. मोजके नट, बेताचे नेपथ्य आणि ओळखीचा प्रेक्षक या मर्यादांत बसणारी रहस्यनाट्ये अशा संस्थांना सोयीची होती. आठ-दहा पात्रे आणि एकच दिवाणखाना ही रहस्यनाट्याची ठरलेली चौकट या अर्थकारणातूनही पक्की झाली.

‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ या चौकटीत बसत नाही. त्यात तीसच्या आसपास पात्रे आहेत, दोन भिन्न स्थळे आहेत आणि न्यायालय ओकेबोके दिसून चालत नाही. ही अडचण खुद्द लेखिकेला ठाऊक होती. मुद्रित संहितेला जोडलेल्या टिपणात त्यांनी रेपर्टरी संस्थांना उद्देशून पात्रसंख्या कशी घटविता येईल, कोणत्या भूमिका एकाच नटाकडे देता येतील याचे मार्गदर्शन केले आहे आणि न्यायालयातील मूक भूमिकांसाठी स्थानिक हौशी मंडळींना उभे करण्याचा मार्गही सुचविला आहे. त्याच टिपणातील एक इशारा मार्मिक आहे. कार्यालयातील टंकलेखिका ग्रेटा आणि अखेरीस येणारी दुसरी तरुणी या रंगमंचावर कधीही एकत्र येत नाहीत, तरी या दोन भूमिका एकाच नटीला देऊ नयेत. कारण तो कथानकाचाच एखादा डाव असावा, असा प्रेक्षकाचा ग्रह होईल. ज्या नाटकात एक स्त्री वेषांतर करून दुसरीच बनते, तेथे काटकसरीसाठी केलेली दुहेरी भूमिकासुद्धा पुरावा ठरते. प्रेक्षक किती बारकाईने पाहतो, याची ही जाण अनुभवी नाटककाराचीच.

स्थानिक लोकांना न्यायालयात बसविण्याच्या या सोयीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. शहरातील परिचित चेहरे ज्यूरी वा न्यायालयीन कर्मचारी म्हणून समोर दिसू लागले, की खटला परक्यांचा राहत नाही. पुढे २०१७ मध्ये लंडनच्या काउंटी हॉलमधील जुन्या सभागृहात ल्युसी बेली यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक नव्याने सुरू झाले, तेव्हा काही प्रेक्षकांना ज्यूरीच्या आसनांवर बसविण्यात आले. खऱ्याखुऱ्या शासकीय वास्तूत, ज्यूरीच्या जागेवरून चुकीचा निकाल ऐकणारा प्रेक्षक त्या निकालाची जबाबदारी सहज झटकू शकत नाही.

मराठी रंगभूमीवरील न्यायालय : एक तुलना

मराठी रंगभूमीवर न्यायालय प्रभावीपणे आणणारी दोन नाटके यानंतरच्या दीड दशकात आली. आचार्य अत्रे यांचे ‘तो मी नव्हेच’ (१९६२) आणि विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ज्याचा प्रयोग १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केला. ही नाटके ख्रिस्ती यांच्या प्रभावातून आली असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. साक्ष आणि सत्य यांचे नाते प्रत्येकाने कसे हाताळले, एवढेच पाहावयाचे आहे.

‘तो मी नव्हेच’मध्ये गुन्हेगार कोण, हे प्रेक्षकाला प्रथमपासून ठाऊक असते. लखोबा लोखंडे स्वतःच साक्षीदारांची उलटतपासणी घेतो आणि प्रभाकर पणशीकरांनी वठविलेली त्याची अनेक रूपे फिरत्या रंगमंचावर उलगडत जातात. तेथे रस आहे तो सत्य नाकारण्याच्या निर्लज्ज कौशल्यात. ‘शांतता!’मध्ये तर न्यायालयच खोटे आहे. हौशी नटांचा एक संच अभिरूप न्यायालयाचा कार्यक्रम करण्यासाठी गावात येतो आणि वेळ घालविण्याकरिता मांडलेला खेळ लीला बेणारेच्या खाजगी आयुष्यावर घसरतो. आरोप भ्रूणहत्येचा, पुरावा ऐकीव आणि साक्षीदार सोबतचेच लोक. सुलभा देशपांडे यांनी साकारलेली बेणारे अखेरीस बोलते, तेव्हा ते ऐकायला न्यायालय जागे नसते.

रोमेन आणि बेणारे यांना शेजारी ठेवून पाहिले, तर एक साम्य ठळकपणे दिसते. दोघींच्याही बाबतीत स्त्रीचे चारित्र्य हाच पुरावा मानला जातो. रोमेन त्या पूर्वग्रहाचा उपयोग करून घेते, बेणारे त्याखाली चिरडली जाते. एक लोकप्रिय रहस्यनाट्य, दुसरे आधुनिक भारतीय रंगभूमीचे मानदंड ठरलेले नाटक. पण न्यायालय कोणाचे ऐकते, हा दोहोंचा प्रश्न एकच आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’ हे नाटक १९५३ च्या इंग्लंडमधील चुकीच्या फाशीच्या भीतीवर उभे राहते आणि त्या भीतीला अनपेक्षित वळण देऊन न्यायनिर्णयाची अनिश्चितता अधिक खोलवर दाखविते. त्याच्या कथानकाला आधार देणारे पत्नीची अपात्रता, पुनर्खटल्यास मनाई आणि मृत्युदंड हे तीनही नियम इंग्लंडमध्ये १९६५ ते २००५ या चाळीस वर्षांत बदलले. त्यामुळे समकालीन म्हणून लिहिलेले हे नाटक आता ऐतिहासिक नाटक झाले आहे आणि ते सादर करणाऱ्या संस्थेला आपल्या प्रेक्षकापर्यंत हा इतिहास पोहोचवावा लागतो. भारतीय भाषांत त्याचे रूपांतर करू इच्छिणाऱ्याला तर पत्नीची साक्ष, ज्यूरीचा अभाव आणि निर्दोष सुटकेविरुद्धचे अपील या तिन्ही बाबी नव्याने रचाव्या लागतील. केवळ नावे बदलून भागणार नाही.

साक्षीवर विसंबल्याशिवाय न्यायदान शक्य नाही आणि साक्ष माणसाची असल्यामुळे ती पूर्णतः विश्वसनीयही असू शकत नाही. मृत्युदंडासारख्या, मागे न घेता येणाऱ्या शिक्षेचा विचार करताना ही मर्यादा विसरता येत नाही. न्यायशास्त्राचे ग्रंथ हे तत्त्व युक्तिवादाने सांगतात. या नाटकात प्रेक्षक आधी स्वतः चुकीचा निकाल देतो आणि मगच ते त्याला उमगते.